चिंचबनची रिकामी गॅलरी

नारळावर पहिला हात मी ठेवला. शपथही मीच सांगितली. चिंचबन तालमीची टीम जोवर एक मॅच जिंकत नाही, तोवर स्टेडियमवर चिंचबनच्या गॅलरीत पाऊल ठेवणार नाही, ठेवलं तर या मारुतीची आण. माझ्या मागोमाग तालमीत जमलेल्या सगळ्यांनी एकेक करून नारळाला हात लावला आणि तेच म्हटलं. कुणी मोठ्यानं म्हटलं, कुणी तोंडातल्या तोंडात. पण म्हटलं सगळ्यांनी.

बाहेरगावच्या माणसाला हे वेड कळायचं नाही. कोल्हापुरात तालीम म्हणजे नुसता कुस्तीचा आखाडा नव्हे. गल्लीचा गणपती तिथं बसतो, भांडणं तिथं मिटतात, आणि फुटबॉलची टीमही तालमीचीच असते. शाहू स्टेडियमवर प्रत्येक तालमीची बसायची जागा ठरलेली. आमची पूर्वेकडच्या पायऱ्यांवर, घड्याळाच्या डाव्या अंगाला. तिथं दुसऱ्या तालमीचं चिटपाखरू बसत नसे.

ही गोष्ट त्र्याण्णव सालातली. मी उद्यमनगरात कारखान्यात लेथ मशीनवर कामाला होतो, वय पस्तीस, आणि तोंड आधी चालायचं, डोकं मागनं. त्या हंगामात आमच्या सहा मॅच झाल्या आणि सहाही आम्ही हरलो. सहा मॅचमध्ये मिळून एक गोल झाला, तोही समोरच्याच बॅकच्या गुडघ्याला लागून आत गेला म्हणून. कारखान्यात शिफ्टला गेलो की पोरं विचारायची, "दिनकरराव, काल किती?" नुसतं किती. हरला का, असंसुद्धा नाही. माझी शीर तडकायची. आता शेवटची मॅच राहिली होती, रविवारी, तोफखाना तालमीबरोबर. हरलो की खालच्या गटात. चिंचबनवर ती पाळी कधीच आली नव्हती.

म्हणून मी शपथेचं काढलं. रिकामी गॅलरी बघून तरी पोरांना लाज वाटेल, असा माझा हिशेब. तालमीत एकटे बापू चौगुले आडवे आले. बापू म्हणजे आमचे जुने गोलकीपर, तेव्हा सत्तरीला टेकलेले, हाताची दोन बोटं बॉल अडवून अडवून वाकडी झालेली. ते म्हणाले, "आरं दिनू, हरत्यात म्हणून आपण जायाचं न्हाई, मग जिंकल्यावर कुठल्या तोंडानं जायाचं?"

मी म्हटलं, जिंकतील तेव्हा बघू. पोरं हसली. बापूंनी एकदा मारुतीकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि तालमीचा शब्द तो आपला शब्द, म्हणून वाकड्या बोटांचा हात नारळावर ठेवला. मी तेवढ्यावर थांबलो असतो तर ठीक होतं. पण मी कोपऱ्यावरच्या फलकावर शपथ खडूनं ठळक लिहून काढली. संध्याकाळपर्यंत सगळ्या कोल्हापूरला कळलं.

आता सांगायचं राहिलं ते असं, की चिंचबनचा कॅप्टन माझा सख्खा धाकटा भाऊ होता. सदाशिव. आम्ही सदा म्हणायचो. वडील गेले तेव्हा तो सहावीत होता. त्याला पहिले बूट मी घेऊन दिले होते, दोन नंबर मोठे, म्हणजे दोन वर्षं चालावेत म्हणून. पुढं चिंध्या कोंबून तो पोरगा पळायचा. शपथ झाली तेव्हा तो प्रॅक्टिसला गेला होता. येताना त्यानं फलक वाचला. घरी येऊन जेवला आणि झोपला.

रविवारी सकाळी तो नळावर बुटांचा चिखल धूत बसला होता. मी दात घासत उभा. माझ्याकडं न बघताच तो बोलायला लागला.

"दादा, तोफखान्याचं बोलावणं आलंय. पुढच्या साली त्यांच्यातनं खेळ म्हणत्यात. नोकरीचं बी बघतो म्हणाल्यात."

"मग?"

"मी अजून हो म्हटल्यालं न्हाई." त्यानं ब्रश खाली ठेवला. "आज गॅलरीत आपल्या गल्लीचं एक माणूस जरी दिसलं, तरी मी हितंच. कोणच नसलं, तर उद्या जाऊन सही करणार. ज्या गल्लीला मी नको, तिच्यासाठी किती दिवस पळू?"

तेव्हाच त्याला जवळ घ्यायला पाहिजे होतं. पण माझा स्वभाव. मी चूळ भरली आणि म्हटलं, "जा की. तुला कोण धरून ठेवलंय?"

तो उठला, बूट उचलले, आत जाऊन आईच्या पाया पडला आणि गेला. आई त्याला दही-साखर द्यायला वाटी घेऊन बाहेर आली तोवर तो कोपऱ्यावर पोचला होता.

दुपारी मला जेवण गेलं नाही. खाटेवर पडलो तर घड्याळाचा काटा दिसायचा, कूस बदलली तर कॅलेंडर. आमची वैजयंता, म्हणजे माझी बायको, धुणं घडी घालत होती. ती सहज बोलल्यासारखं म्हणाली, "अवो, शपथ गॅलरीत पाऊल न ठेवायची हाय न्हवं? मॅच बघायची न्हाई असं कुठं म्हटलासा?"

मी तिच्यावर खेकसलो. म्हटलं, दुसऱ्याच्या गॅलरीत बसू का, काय लाजबीज आहे का नाही? तिनं उठून ट्रंक उघडली, हळदीकुंकवात मिळालेला एक पिवळा ब्लाउजपीस काढला आणि माझ्या उशाशी ठेवून स्वयंपाकघरात गेली. पिवळा म्हणजे तोफखान्याचा रंग. आमचा हिरवा.

साडेतीनला मी तो ब्लाउजपीस गळ्यात बांधून, डोक्यावरनं टॉवेल घेऊन तोफखान्याच्या गॅलरीत बसलो होतो. एप्रिलचं ऊन. टॉवेलाखाली माझा घाम निथळत होता. असं लपून बसून सदाला मी दिसणार नव्हतो, हे मला कळत होतं. पण पुढचा विचार मला करायचाच नव्हता. नुसता डोळ्यांनी खेळ बघतो आणि जातो, असं मी स्वतःला सांगत होतो.

माझ्या शेजारी एक जाडजूड माणूस बसला होता, तोफखान्याचाच, दुधाचा धंदा असावा, कारण सारखा म्हशींचं बोलत होता. त्यानं भडंगाचा पुडा माझ्यापुढं केला. "घ्या पाव्हणं. कुठलं तुम्ही?"

मी म्हटलं, पन्हाळ्याचा.

"मग तुम्हाला ठाव नसंल," तो म्हणाला आणि समोरच्या गॅलरीकडं बोट केलं. चिंचबनची गॅलरी. पायऱ्या नुसत्या उन्हात तापत पडलेल्या. एवढ्या भरलेल्या स्टेडियमात तेवढाच तुकडा मोकळा, तोंडातला एक दात पडावा तसा. मग त्यानं मला आमच्या शपथेची सगळी हकिगत ऐकवली. म्हणाला, त्यांच्यात एक दिन्या साळोखे म्हणून आहे, लई आगाऊ माणूस, त्यानंच हे सगळं केलं. आणि वर म्हणे, मैदानातला कॅप्टन त्याचाच भाऊ. आपल्याच भावाला असं करणारा माणूस कसला असेल हो?

मी भडंग चावत राहिलो. त्यात तिखट फार होतं, असं समजा.

मॅच सुरू झाली. पंधराव्या मिनिटाला पहिला गोल बसला, हाफच्या आधी दुसरा. दोन्ही आमच्यावर. पण सदा पळत होता. सहा नंबरची हिरवी जर्सी मैदानात जिथं बघावं तिथं. बॅकच्या मदतीला तोच, पुढं बॉल घेऊन जाणारा तोच. आजूबाजूचे तोफखानेवाले त्याचंच कौतुक करत होते. शेजारी म्हणाला, "हा सहा नंबर बघा. सोनं हाय. पुढच्या साली आमच्यात येणार." माझ्या भावाचं कौतुक मी दुसऱ्याच्या तोंडून ऐकत होतो, आणि मला त्यावर नीट मानसुद्धा हलवता येत नव्हती.

सदाची एक सवय मी तेव्हा पहिल्यांदा बघितली. बॉल बाहेर गेला, थ्रो घ्यायचा असला, कुणी पडलं म्हणून खेळ थांबला, की तो मान वळवून पूर्वेच्या पायऱ्यांकडं बघायचा. एक क्षण. मग परत खेळायला लागायचा. आमच्या गॅलरीत बसून मला हे कधी उमगलंच नव्हतं. तिथं बसलं की वाटायचं, तो सहजच बघतोय.

दुसऱ्या हाफमध्ये तिसरा गोल झाला. त्यानंतर थोड्या वेळात सदा मैदानाच्या मध्यावर पडला. पायात गोळा आला होता. आमचे बदली खेळाडू संपलेले, म्हणजे त्याला बाहेरही जाता येईना. गोलकीपरनं येऊन त्याचा पाय ताणून दिला. तो उठला, लंगडत दोन पावलं चालला आणि पुन्हा तिकडंच बघितलं. या वेळी एक क्षण नव्हे, बराच वेळ. रेफ्रीनं शिट्टी मारली तरी तो बघतच होता.

माझ्या मागनं कुणीतरी हसून म्हणालं, "कुणाला बघतंय त्ये? चिंचबनात काय कोण जितं न्हाई का?"

सगळे हसले. मी उभा राहिलो.

"हाय की," मी म्हटलं. "मी हाय."

टॉवेल काढला, ब्लाउजपीस सोडून खिशात कोंबला. शेजाऱ्यानं वर बघितलं. मी त्याला म्हटलं, "मीच दिन्या साळोखे. भडंग चांगलं हुतं." त्याच्या तोंडातला घास तसाच राहिला. मी पायऱ्या उतरायला लागलो.

तोफखान्याच्या गॅलरीतनं आमच्या गॅलरीत जायचं तर गोलपोस्टच्या मागनं, जाळीच्या कडेकडेनं अर्धं स्टेडियम चालावं लागतं. पहिल्या चार पावलांतच लोकांनी ओळखलं. शपथ तर सगळ्यांना पाठ होती. शिट्ट्या सुरू झाल्या. कुणी मारुतीच्या नावानं बोंब मारली, कुणी म्हणालं नारळ कुठाय रे दिन्या. कान तापले माझे. लाज वाटली, खोटं कशाला बोलू? पण पाय थांबले नाहीत.

गोलपोस्टच्या मागं पोचलो तेव्हा पाठीमागं चपला वाजल्या. मला वाटलं, कुणीतरी मारायला आलं. वळून बघतो तर बापू चौगुले. डोळ्यांवर काळा चष्मा, डोक्यावर कुणाची तरी टोपी, धाप लागलेली.

"बापू, तुम्ही? कुठं बसलावतासा?"

"पासवाल्यांच्या खुर्च्यात. तू चल पुढं, बोलू नगंस."

आणि मग मी स्टेडियमभर बघितलं. दक्षिणेच्या बाजूनं आमच्या गल्लीतला टेलर उतरत होता. पाण्याच्या टाकीजवळच्या झाडावरनं दोघं तिघं खाली उड्या टाकत होते. पलीकडच्या तालमीच्या गॅलरीतनं चारजण तोंडं लपवत बाहेर पडत होते. तोफखान्यात माझ्यापासनं सहा ओळी मागं आमचा म्हादबा हलगीवाला बसला होता, आणि मला पत्ताच नव्हता. सगळी चिंचबन गल्ली स्टेडियमात होती. प्रत्येकानं आपापल्या घरी तीच पळवाट शोधली होती, आणि प्रत्येकाला वाटत होतं, असा लबाड आपण एकटाच. आता जाळीच्या कडेनं ओळ लागली, आणि कुणी कुणाच्या तोंडाकडं बघेना.

आमच्या गॅलरीच्या पहिल्या पायरीशी सगळे थांबले. शपथ तिथंच होती, त्या पायरीवर. कुणी पुढं होईना. बापूंनी चष्मा काढला.

"दिनू, शपथ तू घातलीस. पहिलं पाऊल तुझं. मारुती काय करायचं त्ये तुला करंल."

मी मनातल्या मनात हात जोडले, म्हटलं देवा, जे काही करायचं ते मला कर, पोराला नको, आणि पाय ठेवला. माझ्यामागनं गॅलरी भरली. बापू शेजारी बसत पुटपुटले, "मारुतीला काय एवढं वाटतंय. त्यो बी आला असंल, बसला असंल कुठंतरी कोपऱ्यात."

मी सदाकडं बघत होतो. बॉल बाहेर गेला तेव्हा त्यानं सवयीनं मान वळवली. वळवली आणि तशीच ठेवली. मला वाटलं हात करेल, हसेल. त्यानं यातलं काही केलं नाही. तोंडावरनं जर्सीची बाही फिरवली आणि थ्रो घ्यायला पळाला. त्या गोळा आलेल्या पायानं पळाला.

आम्ही जिंकलो नाही. चौथा गोलही आमच्यावरच बसला. चार शून्य, आणि चिंचबन खालच्या गटात. पण त्या वीस मिनिटांत आम्ही जे ओरडलो तसे कुठल्या फायनललाही ओरडलो नव्हतो. पलीकडनं तोफखानेवाले आमच्याकडं वेडे झालेत की काय अशा नजरेनं बघत होते.

मॅच संपल्यावर पोरं मान खाली घालून कपडे बदलायला निघाली. सदा मात्र सरळ आमच्याकडं आला. जाळीला दोन्ही हात लावून उभा राहिला. डोळे लाल.

"पहिल्या हाफला कुठं हुता?"

मी खाली उतरून जाळीपाशी गेलो. "तोफखान्यात," मी म्हटलं. "भडंग खात हुतो. सदा, चुकलं माझं. सकाळी बी चुकलं आणि तालमीत बी चुकलं." त्याच्याशी मी असं आयुष्यात कधी बोललो नव्हतो. माझाच आवाज मला ओळखू येईना.

मग सदा म्हादबाकडं वळून म्हणाला, "हलगी आणलायसा?"

म्हादबानं पिशवीतनं हलगी काढली. मी म्हटलं, अरे, चोरून मॅच बघायला आलास आणि हलगी घेऊन? म्हादबा ओशाळून म्हणाला, "जिंकलो असतो तर?"

"वाजीव," सदा म्हणाला.

"हरल्यावर?"

"जिंकल्यावर कोण बी वाजवतंय."

कोल्हापुरात हरलेल्या टीमची मिरवणूक त्याआधी कुणी बघितली नव्हती. गुलाल नव्हता, फटाके नव्हते, नुसती हलगी आणि आम्ही. दुकानदार बाहेर येऊन स्कोअर विचारायचे आणि आम्ही छाती काढून सांगायचो, चार शून्यनं हरलो. तोफखाना चौकात त्यांच्या अध्यक्षांनी सदाला बाजूला घेतलं. ते दोघं काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. पण अध्यक्षांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि हसत मान हलवली. सदा परत येऊन माझ्या खांद्यावर हात टाकून चालायला लागला. म्हणाला, "न्हाई म्हटलं त्यास्नी. दादा, पुढच्या साली खालच्या गटाच्या मॅच सकाळी सातला असत्यात. उठशील का?" मी म्हटलं, उठीन. उठलोही, तीन वर्षं, एकही मॅच न चुकवता. मग आम्ही वर आलो. पण ते नंतरचं.

त्या दिवशी गल्लीत शिरलो तेव्हा हलगीचा आवाज ऐकून बायका दारात आल्या होत्या. जिंकून आल्यावर कॅप्टनच्या घरच्या थोरल्या बाईनं टीमला ओवाळायचं, ही आमची जुनी रीत. आई ताट घेऊन उंबऱ्यात उभी. निरांजन लावलेलं, कुंकू कालवलेलं. आमचे सगळ्यांचे पाय अडखळले. आता हिला सांगायचं कुणी?

"किती गोल?" आईनं विचारलं.

"चार," सदा म्हणाला.

आईनं मान डोलावली. सदाला कुंकू लावलं, ओवाळलं, मग गोलकीपरला, मग बाकीच्या पोरांना, एकेकाला. पोरं खाली मान घालून कपाळ पुढं करत होती. म्हातारीचा आनंद कशाला मोडायचा, म्हणून मीही गप्प बसलो.

पण मला रात्रभर ते टोचत राहिलं. दिवसभर लपूनछपून झालं ते झालं, आता आईला तरी फसवायचं नाही. सकाळी ती चुलीपुढं बसली होती, तिच्याशेजारी चहाची कपबशी घेऊन बसलो आणि म्हटलं, "आई, काल आम्ही जिंकलो न्हवतो. चार गोल आमच्यावर झालते."

आईनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. भाकरी परतली.

"मला काय कळलं न्हाई व्हय? गल्लीच्या तोंडाशी आलासा तवाच तुमची थोबाडं बघितली."

"मग ओवाळलंस कशाला?"

"तर काय करायचं? हरून आलेलं पोर काय तसंच दारात हुबं ठेवायचं व्हय?" ती म्हणाली, आणि पहिली भाकरी सदाच्या ताटात वाढून त्याला उठवायला गेली.